बॅलटकाकांचा साक्षीदार

बाहेर एकतीस डिग्री उकाडा, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि बनियनवर बसलेला एक म्हातारा रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या बजेटवरून संतापलाय, असं दृश्य मी आयुष्यात एकाच घरात पाहिलं. ते घर सिंगापुरात, बुकित पंजांगला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये होतं आणि ते गृहस्थ म्हणजे आमचे बॅलटकाका. "यंदाही बर्फावर टाकायचं मीठ कमी घेतलंय लेकांनी," ते म्हणायचे, "जानेवारीत म्हाताऱ्या बायका घसरून पडतील, मग धावाधाव करतील." कोण बायका, कुठल्या, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तासभर गेलाच.

बॅलट म्हणजे मतपत्रिका, तिच्यावरून पडलेलं नाव; खरं आडनाव म्हसकर. मूळचे साताऱ्याचे, पण तीस वर्षं अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका थंडगार राज्यात, तळ्याकाठच्या लहानशा गावात काढलेली. तिथल्या कारखान्यात इंजिनिअर होते, तिथलेच नागरिक झाले. काकू गेल्यावर मुलगी मंजिरी त्यांना इकडे घेऊन आली. मंजिरी माझ्याच ऑफिसात, चांगी बिझनेस पार्कला. म्हणजे आम्ही दोघंही बेटाच्या एका टोकाला राहायचो आणि दुसऱ्या टोकाला राबायचो. रोज जाऊन-येऊन तीन तास. संध्याकाळी घरी पोचायचो तेव्हा माझ्यात बूट काढण्याचंही त्राण नसायचं, आणि काका खाली बाकावर माझी वाट बघत बसलेले असायचे, हातात कुठल्याशा उमेदवाराचं पत्रक.

काकांच्या देशात कुठल्या पदासाठी निवडणूक होत नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. न्यायाधीश निवडून येतो, खजिनदार निवडून येतो, शाळेचं बोर्ड निवडून येतं, अपघाती मृत्यूची चौकशी करणारा अधिकारीसुद्धा काही ठिकाणी निवडून येतो म्हणे. मतपत्रिका टपालाने यायची, ती चांगली हातभर लांब. काका त्यातल्या एकेका नावामागे आठवडा घालवायचे. गावचं साप्ताहिक इंटरनेटवर वाचायचे, उमेदवारांना ईमेल करून प्रश्न विचारायचे, उत्तरांची प्रिंट काढून फाइलला लावायचे. नात इरा इथल्या शाळेत वाढलेली. ती एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आजोबा, दॅट वन नोबडी चेक्स, लाह." काका चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हणून तर मी बघतो."

त्यांच्या राज्याचा नियम असा की टपालाने मत देणाऱ्याला एक साक्षीदार लागतो. त्याने आधी मतपत्रिका कोरी आहे हे पाहायचं, मग मतदाराने त्याच्यासमोर पण त्याला दिसणार नाही अशा बेताने खुणा करायच्या, पाकीट बंद करायचं, आणि पाकिटावर दोघांनी सह्या करायच्या, साक्षीदाराने खाली आपला पत्ताही लिहायचा. परदेशातल्या मतदाराला साक्षीदार कुठल्याही देशाचा चालतो. मंजिरी चालली असती, पण काका म्हणाले, "घरचा साक्षीदार नको, बरं दिसत नाही." म्हणून मी. ज्याने स्वतः आजवर कुठेही मत दिलेलं नाही असा साक्षीदार त्यांनी निवडला.

हा सोहळा रविवारी सकाळी व्हायचा. काका त्या दिवशी बनियन सोडून इस्त्रीचा शर्ट घालायचे. कोरी मतपत्रिका माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायचे, मग जेवणाच्या टेबलावर कॉर्नफ्लेक्सची दोन खोकी उभी करून त्यांच्या आड बसायचे. मी चहा घेत खिडकीबाहेर बघायचो. समोरून एलआरटी, म्हणजे पुलावरून धावणारी छोटी लोकल, जायची. ती गाडी घरांच्या अगदी जवळून जाते, म्हणून ब्लॉक आला की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. काकांना त्या गाडीचं फार कौतुक. "बघ, निखिल, गाडीला कळतं, दुसऱ्याच्या घरात डोकावू नये," खोक्यांच्या आडून आवाज यायचा. त्यांनी कुठल्या पक्षाला मत दिलं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी तर्क करायचो, आणि तो दर वेळी वेगळा निघायचा.

तिकडे असताना काका अठरा वर्षं मतदान केंद्रावर काम करायचे. तिथे प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांचं एकेक माणूस बसवतात, एकमेकांवर नजर ठेवायला. काकांच्या शेजारी विरुद्ध पक्षाच्या डोरोथीबाई. अठरा वर्षं दोघांनी एकमेकांवर नजर ठेवली आणि त्यात बाईंनी काकांना ॲपल पाय खायला शिकवलं, काकूंनी बाईंना साबुदाण्याची खिचडी. "पक्ष म्हणजे काय रे," काका म्हणायचे, "लोकांना एकेकट्याने ओरडायचा कंटाळा येतो, म्हणून गटाने ओरडतात. ओरडून झालं की मतं कुणीतरी मोजावी लागतातच ना?" तो मोजणारा माणूस त्यांच्या लेखी सर्वांत मोठा. राष्ट्राध्यक्ष नंतर.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात निकालाच्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणीच काम केलं नाही. तिथली रात्र ती इथली सकाळ, त्यामुळे आकडे ऐन कामाच्या वेळेत येत होते. माणसं स्क्रीनभोवती जमून आनंदाने नाहीतर भीतीने बोलत होती. ज्यांचा त्या देशाशी काडीचा संबंध नाही तेही. मी दुपारी काकांना फोन केला, "काका, हे काय झालं?" ते म्हणाले, "खजिनदारबाई पुन्हा आल्या. चांगल्या आहेत." मी म्हटलं, "अहो, वरचं विचारतोय." ते म्हणाले, "वर कोण आलं ते साऱ्या जगाला कळलं. तळ्याचं पाणी कोण तपासणार ते मलाच बघावं लागतं, बाबा." आवाज थकलेला होता. त्या दिवशी संध्याकाळी ते बाकावर आले नाहीत.

माझी मात्र त्यांनी पाठ सोडली नाही. "तुझं नाव कुठल्या यादीत आहे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. इथे मी नोकरीच्या पासवर, नागरिक नाही, त्यामुळे इथे प्रश्नच नाही. पुण्याच्या यादीतून नाव कधीचंच गळलेलं. परत घालायचं तर अर्ज करा, आणि मत द्यायला विमानाने जा. एवढी उठाठेव कोण करतो? "दमलोय, काका," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "मीही दमलोय. पण त्याचा इथे काय संबंध?"

मग आला पुढचा एप्रिल. त्यांच्याकडे एप्रिलमध्येही एक निवडणूक असते, लहानसहान पदांची, जिच्याकडे कुणी फिरकत नाही. त्या वेळी मतपत्रिकेवर एक प्रश्न होता. गावचं वाचनालय चालू ठेवायला थोडा कर वाढवायचा का? नाही म्हणाल तर शनिवारी वाचनालय बंद. काकू त्या वाचनालयात दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, चौदा वर्षं, बर्फ असो की काही असो, साडी आणि वर जाड कोट. काकांनी एवढंच सांगितलं. पण या वेळी त्यांनी गावातल्या चाळीसएक घरांना हाताने पत्रं लिहिली. डोरोथीबाईंचा करवाढीला विरोध. त्यांच्याशी काका फोनवर भांडले, पहिल्यांदाच.

त्या रविवारी माझी अवस्था वाईट होती. ऑफिसात नवी सिस्टिम सुरू होत होती, दोन आठवडे सुट्टी नव्हती, त्या सकाळीही मला निघायचं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, खोकी मांडलेली. मी उभ्याउभ्याच चहा प्यायलो. सही केली, पत्ता लिहिला. काका दर वेळी खिशातून वाचायचा चष्मा काढून पाकिटावरचं अक्षर न् अक्षर तपासायचे. त्यांनी चष्मा काढला, आणि मी म्हणालो, "काका, सही काय पहिल्यांदा करतोय का? द्या इकडे, वाटेत पोस्टात टाकतो." चांगलाच वसकन बोललो. त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

करवाढीचा प्रस्ताव चार मतांनी पडला. मला मंजिरीने सांगितलं. मी संध्याकाळी बाकावर गेलो, म्हटलं, "काका, तुमचं मत वेळेत पोचलं होतं ना?" ते म्हणाले, "पोचलं. दोन दिवस आधी पोचलं." मी समजूत घालायची म्हणून बोललो, "चारने पडलं, म्हणजे आपल्याकडून काही राहिलं नाही." ते हसले. "त्या चौघांनीही प्रत्येकी हेच म्हटलं असेल," म्हणाले, आणि इराच्या परीक्षेचा विषय काढला.

पुढच्या वर्षी पुन्हा मतपत्रिका आली. पुन्हा शर्ट, पुन्हा खोकी. फक्त या वेळी टेबलावर एक चिठ्ठी होती. तिच्यावर काकांनी पेन्सिलने माझा पत्ता लिहून ठेवलेला, ब्लॉक, रस्ता, घर, शहर, सगळं ठळक अक्षरांत. "हे बघून लिही." मी वैतागलो. "मला माझा पत्ता येतो, काका." ते म्हणाले, "तुला येतो रे, पण तिथे पाकीट उघडणाऱ्याला येत नाही." म्हातारपणी माणूस किरकिरा होतो, असं मनाशी म्हणत मी चिठ्ठीबरहुकूम लिहिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासलं. मी चिडून घड्याळ बघत होतो, हे आज आठवलं तरी मान खाली जाते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सप्टेंबर संपता संपता नोव्हेंबरच्या निवडणुकीचं पाकीट आलं. मंजिरीला ते उघडवेना आणि टाकवेना. मला बोलावून म्हणाली, "तिकडे कळवायला हवं ना रे? बाबांना असं अर्धवट आवडलं नसतं." कुणाला कळवायचं ते शोधायला आम्ही त्यांची फाइल काढली.

फाइलमध्ये तारखेवार सगळं होतं. त्या एप्रिलच्या कप्प्यात गावच्या क्लार्कच्या, म्हणजे तिथल्या निवडणुका बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीचं पत्र होतं, निवडणुकीनंतर दोन आठवड्यांनी पोचलेलं. आपलं मत मोजता आलं नाही, साक्षीदाराचा पत्ता अपुरा. सोबत पाकिटाची झेरॉक्स. माझं अक्षर. घर क्रमांक आणि सहा आकडी पोस्टल कोड, बस. इथे प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा कोड असतो. तो टाकला की टॅक्सी दारात येते, पार्सल दारात येतं, रस्त्याचं नाव लिहायची कुणाला सवयच राहत नाही. तिथे रस्ता नाही, शहर नाही, म्हणजे पत्ता नाही. मी कागद पुढे सरकवला. मंजिरीने पत्र वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, "मलाही नव्हतं." सव्वा वर्ष तो माणूस रोज माझ्यासोबत बाकावर बसला होता.

डोरोथीबाईंचा ईमेल पत्ता फाइलमध्येच होता. मी त्यांना काका गेल्याचं कळवलं, आणि तो साक्षीदार मीच, हेही लिहिलं. लिहिल्यावाचून राहवेना. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोजणीच्या दिवशी टेबलावर त्याच होत्या. काकांचं पाकीट त्यांच्याच हातात आलं, आणि नियमाप्रमाणे ते बाजूला ठेवून त्यावर सही त्यांनीच केली. करवाढ पडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, तरी घरी जाऊन त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. काका म्हणाले, बरोबर केलंस, मी असतो तरी हेच केलं असतं. मग बाईंनी त्यांना बजावलं, आता तरी दुसरा साक्षीदार बघ. त्यावर काका काय म्हणाले ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं होतं: साक्षीदार तोच राहील. त्या दिवशी तो फार दमलेला होता आणि मी त्याला थांबवलं नाही. अठरा वर्षं टेबलावर बसलेल्या माणसाने तपासल्याशिवाय पाकीट सोडलं, ती चूक माझी.

चूक माझी होती, काका. हे तुम्हाला सांगायला मी बाकावर यायला हवं होतं, आणि तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत.

काकांची शेवटची मतपत्रिका आम्ही कोरीच परत पाठवली, मृत्यूचं कळवणारं पत्र जोडून. पोस्टाच्या काउंटरवर पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहीत होतो. पलीकडच्या चिनी बाईंनी पाहिलं, माझ्यामागे रांग वाढत होती. "अंकल, पोस्टल कोड इनफ ऑलरेडी, लाह," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं, आणि ब्लॉक लिहिला, रस्ता लिहिला, घर लिहिलं, सिंगापूर लिहिलं. मग चष्मा लावून पुन्हा एकदा तपासलं.