कूलरपुढची जाळी

माझी शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली. इथूनच सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो आणि इथेच राहिलो. गाव फलटण तालुक्यात, पण मुलगी आणि जावई जयपुरात नोकरीला, म्हणून वैशाली नगरात छोटं घर घेतलं. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. अजूनही साडेपाचला डोळे उघडतात आणि करायला काही नसतं. शेजाऱ्याची गाडी दिसली की वाकून खाली बघतो. सौभाग्यवती म्हणते, "आवो, दुसऱ्याच्या गाडीखाली काय वाकताय, लोक काय म्हनतील?" लोक काही म्हणत नाहीत. तेल गळत असेल तर मीच त्यांना सांगतो.

यंदा फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या फाटकासमोर एक सात सीटची डिझेल एसयूव्ही थांबली. ऑटोमॅटिक, तेरा वर्षं जुनी, पण नीट ठेवलेली. गाडी मी बघताक्षणी ओळखली. ती आमच्या मेजर समीर देशकर साहेबांची होती. साहेबांनी ती घेतली आणि जेमतेम एक वर्ष चालवली. त्यानंतर ड्यूटीवर असताना ते वारले, त्याला आता बारा वर्षं झाली.

गाडीतून त्यांच्या पत्नी उतरल्या. डॉक्टर मृणाल देशकर. मूळच्या नागपूरच्या, जयपूरच्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टर, राहायला आदर्श नगरात. एकाच शहरात आम्ही इतकी वर्षं होतो आणि मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नव्हतो. वेळ मिळत नाही असं मी घरी सांगायचो. ते खोटं होतं.

"जगताप साहेब, ओळखलंत?"

"ओळखलं, मॅडम. या."

"आत नंतर येते. आधी गाडी बघा. गिअरबॉक्स तापून राहिला. दोनदा लाल दिवा लागला."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या खेड्यांत डोळ्यांचं शिबिर घेत. तपासणीची यंत्रं, जनरेटर, छपरावर तंबू आणि खुर्च्या. वाटेत अरवलीचा चढ, पुढे पाच-सहा किलोमीटर वाळूचा रस्ता. वाळूत गाडी हळू चालते, इंजिन जोर लावतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल उकळायला येतं. मी तेलाची पट्टी काढून वास घेतला. करपलेला होता.

"शोरूमवाले काय म्हणाले?"

"म्हणाले, गिअरबॉक्स गेला तर या मॉडेलचा नवा मिळणार नाही. गाडी काढून टाका." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "मी काढणार नाही म्हटलं. पण शिबिराच्या पेशंटांना वाटेत अडकवून चालणार नाही. तुम्ही करून बघा. पुन्हा तापली तर विकते."

म्हणजे काम एवढंच होतं. साहेबांची गाडी ठेवायची की विकायची, ते आता माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "कूलर बसवतो."

लोकांना वाटतं, कूलर म्हणजे खिडकीतला. गिअरबॉक्सचं तेल थंड करायला कंपनी रेडिएटरच्या पोटातून एक नळी फिरवते. साध्या वापराला ते पुरतं. जास्त काम घ्यायचं असेल तर बाहेरून आणखी एक छोटा रेडिएटर लावावा लागतो, फक्त तेलासाठी. राजा पार्कजवळच्या पार्ट्सच्या दुकानात दोन प्रकार मिळाले, नळीचा आणि प्लेटांचा. दुकानदाराने सगळ्यात मोठा पुढे केला. "सूबेदारजी, बड़ा ले जाओ, ठंडा ज़्यादा करेगा." मी मधला घेतला, प्लेटांचा. फार मोठा लावला तर मागच्या रेडिएटरची आणि एसीची हवा अडते, आणि जयपूरच्या थंडीत सकाळी तेल गरम व्हायलाच तयार होत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता काम सुरू केलं. पुढची ग्रिल काढली. कूलर बसवायला लोखंडी पट्टीचे चार ब्रॅकेट घरीच वाकवले आणि मागे एक बोट जागा सोडली. बाजारात प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून कूलर टांगतात. खड्ड्यांनी तो हलतो, घासतो आणि वर्षभरात रेडिएटरला भोक पाडतो. असलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं. रबरी होज ऑटोमॅटिकच्या तेलाचाच घेतला, डिझेलचा नाही. प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प. तेल आधी कंपनीच्या नळीतून जाईल, मग माझ्या कूलरमधून आणि थंड होऊन गिअरबॉक्सात परत येईल, अशी जोडणी केली. तेल बदललं. स्टिअरिंगजवळ तापमानाचा छोटा मीटर लावला.

आणि शेवटी कूलरपुढे एक बारीक तारेची जाळी लावली. ती कुणी सांगितली नव्हती. पण वाळवंटातल्या माझ्या दोन्ही पोस्टिंगमध्ये आम्ही प्रत्येक गाडीच्या रेडिएटरपुढे जाळी लावत होतो. नाकतोडे, गवत, काटे आत जात नाहीत. हात आपोआप तिकडे गेला. काम चार वाजता संपलं.

फेब्रुवारीचं शिबिर झालं, मार्चचं झालं. मॅडमचा फोन यायचा, "जगताप साहेब, मीटर ब्याण्णवच्या वर गेला नाही." मी फोन ठेवून दिवसभर खूश असायचो. घरी सगळ्यांना दोन-दोनदा सांगायचो.

एप्रिलच्या शिबिराला त्यांनी मला बरोबर बोलावलं. सहा वाजता निघालो. गाडीत आम्ही दोघंच, त्यांचे सहायक आदल्या दिवशीच बसने पुढे गेले होते. एप्रिलमध्ये तिकडे गव्हाची मळणी चालते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मशीन धडधडत होती आणि हवेत भुसा पिवळ्या धुक्यासारखा होता. भुशाने फुगलेल्या ट्रॉल्या पुढून येत होत्या. मी मीटरकडे बघत होतो. सात वाजता ब्याण्णव. सव्वासातला शंभर. चढ लागला तेव्हा एकशे नऊ.

"मॅडम, वाटेत चहाला थांबता कुठे?"

"मी रस्त्यात थांबत नाही. घरून निघाले की थेट गावात."

"कधीच नाही?"

"बारा वर्षांत नाही."

हे ऐकलं आणि दोन गोष्टी एकदम माझ्या लक्षात आल्या. पहिली जाळीची. फौजेत ताफा निघाला की ठरावीक वेळाने हॉल्ट होतो आणि हॉल्टवर ड्रायव्हर बसून राहत नाही. त्याला हॉल्ट परेड म्हणतात. टायर, तेल, पट्टे बघायचे आणि जाळी असेल तर ब्रशने साफ करायची. जाळी त्या हॉल्टच्या भरवशावर चालते. जो थांबतच नाही, त्याच्या गाडीला मी जाळी लावली होती. दुसरी गोष्ट, त्या का थांबत नाहीत ती.

एकशे सोळा.

मला हॉल्ट मागायचा होता आणि मागवत नव्हता. बारा वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका डोंगरी रस्त्यावर सोळा गाड्यांचा ताफा चालला होता. ताफ्याचे कमांडर देशकर साहेब. मी हवालदार, शेवटच्या, बिघडलेल्या गाड्या बघणाऱ्या रिकव्हरी गाडीत. नवव्या गाडीचं टेम्परेचर चढल्याचा निरोप माझ्याकडे आला. गाडीत अकरा जवान होते. मी रेडिओ उचलला.

"नऊ नंबर तापली आहे. हॉल्ट पाहिजे. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"वीस मिनिटं. ओव्हर."

"रॉजर. पुढच्या वळणानंतर. आउट."

एकशे बावीस.

"मॅडम," मी म्हटलं, "हॉल्ट पाहिजे."

"पुढे गाव आहे."

"गावापर्यंत गिअरबॉक्स राहणार नाही. आत्ताच पाहिजे."

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी आणखी अर्धा किलोमीटर गेली. मग एका मोकळ्या पठारावर, जिथे वर डोंगर नव्हता, तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली. सात एकेचाळीस झाले होते.

"इंजिन बंद करू?"

"नको. पार्कमध्ये टाका, एसी बंद करा. तेल फिरत राहू द्या."

उतरून पुढे गेलो. जाळी भुशाने लिंपल्यासारखी झाली होती. तिच्यातून फुंकर गेली नसती. चार स्क्रू काढले आणि जाळी बाजूला टाकली. कूलरमध्ये अडकलेला भुसा हाताने आणि फडक्याने काढला. मॅडम खाली उतरल्या नव्हत्या. मी त्यांच्या खिडकीशी गेलो.

"चूक माझी आहे, मॅडम. कूलर बरोबर आहे. जाळी मी सवयीने लावली, तुम्हाला न सांगता. गाडी विकू नका."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

तोच आकडा पुन्हा माझ्या तोंडातून गेला. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. मग जे बारा वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"त्या दिवशीचा हॉल्ट मी मागितला होता."

त्या दार उघडून उतरल्या. कोरड्या आवाजात म्हणाल्या, "मला माहीत आहे. यांच्या सीओंनी, कमांडिंग ऑफिसरनी, पत्रात लिहिलं होतं. नाव तुमचंच होतं. गाडीत अकरा जण होते, ब्रेकसुद्धा जायला आले होते, तेही लिहिलं होतं."

"मग तुम्ही गाडी माझ्याकडे का आणली?"

"दुसरं कोणाकडे नेणार? त्या दिवशी तिथे होते ते तुम्ही." त्या माझ्या शेजारच्या दगडावर बसल्या. "पत्रात सगळं आहे, जगताप साहेब. वेळ आहे, जागा आहे. पण थांबल्यावर हे काय करत होते, ते कोणी लिहिलं नाही. तुम्ही कधीतरी घरी येऊन सांगाल, असं मला वाटत होतं."

मला लाज वाटली. मी माझ्या अपराधाचं ओझं सांभाळत बसलो होतो आणि ही बाई एक साधी गोष्ट कळायची वाट बघत होती.

मी सांगितलं. साहेब पहिल्या गाडीपासून चालत नवव्या गाडीपर्यंत आले. प्रत्येक ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले. एकाच्या मगातून चहा प्यायले आणि साखर जास्त आहे म्हणून त्याला सुनावलं. मी बॉनेटखाली होतो. मला म्हणाले, "जगताप, घाई नको. नीट कर." मग ते डोंगराच्या बाजूला उभे राहिले. पाच-सात मिनिटांनी वरून दगड आले. माझ्यावर बॉनेट होतं. साहेबांवर काही नव्हतं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांना त्रास झाला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मी डोळ्यांनी बघितलं आहे.

"त्या पाच-सात मिनिटांत? तेव्हा काय करत होते?"

मी आठवून बघितलं. आठवायला लागलं नाही खरं तर.

"शीळ वाजवत होते."

"कोणतं गाणं?"

"ते कळलं नाही, मॅडम. साहेब शीळ फार वाईट वाजवायचे."

त्या हसल्या. तोंडावर हात धरून हसल्या आणि मग रडल्या, आणि रडताना म्हणाल्या, "घरीपण. पुरा मोहल्ला परेशान." मी दुसरीकडे बघत बसलो. माझेही डोळे कोरडे नव्हते.

आठ वाजून दोन मिनिटांनी मीटर शहाण्णववर आला. नऊच्या आत आम्ही शिबिराला पोचलो. त्या दिवशी एकशे चार पेशंट तपासले. गाडी त्यांच्याकडेच आहे.

मेजर समीर देशकर. वय छत्तीस. त्यांच्या मृत्यूच्या रिपोर्टात ताफ्यातल्या गाड्या, हॉल्टची वेळ आणि दगडांची दिशा नोंदलेली आहे. त्या रस्त्यावर ते शीळ वाजवत उभे होते, आणि बेसूर वाजवत होते, हे त्यात नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवतो आहे.