औट्रम घाट, दुसऱ्यांदा

मागच्या वर्षी औट्रम घाटात मी गाडी अर्ध्यावर थांबवली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात दिली. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना मी सतत ब्रेक दाबत होते. चाकांतून जळका वास यायला लागला आणि पुढे जायची हिंमतच होईना. आपल्या मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून चाललेल्या त्या भल्या माणसाने माझी गाडी खाली आणून दिली. ही गोष्ट मी घरी वर्षभर लपवली, कारण माझे वडील, अप्पा, याच घाटातून एकतीस वर्षं एसटी चालवत होते.

शेवटी एका रविवारी अप्पांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, पुन्हा जायचंय. मोतीबिंदूनंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. "चल मग," ते म्हणाले, "बाजूला बसतो."

"एका अटीवर. घाटात एक अक्षर बोलायचं नाही."

"नाय बोलत. पण माझीबी एक अट हाय. किल्ली कुणाला द्यायची नाय. मलाबी नाय."

शनिवारी सकाळी सव्वासहाला सिडकोतल्या घरातून निघालो. तुम्ही जाणार असाल तर टाकी शहरातच भरा, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते बघा, आणि घाटाचे नियम कन्नडला विचारून घ्या. अवजड गाड्यांना तिथे बंदी असते आणि दुरुस्ती निघाली की बाकीच्यांचीही अडवणूक होते. घाई असेल तर नवा चौपदरी रस्ता घ्या. मी अप्पांच्या हट्टामुळे जुन्या रस्त्याने, दौलताबादच्या दरवाज्यातून गेले. समोरून ट्रॅक्टर आला की आपण निमूट थांबायचं, एवढंच तिथलं शास्त्र.

वेरूळच्या पुढे रस्ता मोठा होतो आणि अप्पा बोलके होतात. मला दुभाजक आणि पाट्या दिसत होत्या; त्यांना जे उरलं नाही तेच दिसत होतं. "हितं चिंच होती. तिच्या सावलीत टायर बदललं. हितं एक म्हातारी रोज दुधाची किटली घेऊन चढायची." मी मान डोलवत होते, पण डोक्यात घाट होता.

हतनूरजवळ एका टपरीवर गरम भजी आणि चहा घेतला. दोघांचं साठ रुपयांत भागलं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असताना एक एसटी येताना दिसली आणि अप्पांनी हात वर केला. गाडी करकचून थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

"कुठं जायचं, बाबा?"

अप्पा चांगलेच ओशाळले. "कुठं नाय रे. सवय हाय, हात वर गेला."

ड्रायव्हर वाकून बघायला लागला. "आपल्यातलेच का?"

"व्हय. कन्नड–चाळीसगाव."

"मग बसा की वर!"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे चलो ना भाई, कालेज कू देर होरी!" सगळी बस हसली आणि निघून गेली.

समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला हात करायचा, ही या लोकांची जुनी रीत. रस्त्याकडेला उभं राहून तोच हात केला की बस थांबते, हे अप्पा विसरले होते. मी हसत होते, तर ते शांतपणे म्हणाले, "नाव ठाव नसायचं एकाचंबी. पण दोन दिस कुणी दिसला नाय, की जीव थाऱ्यावर नसायचा बघ. हा रस्ता म्हंजे ती माणसं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी माझा या रस्त्यावर फार राग होता. सणावारी अप्पांना घरातून नेणारा तो हाच. त्यांचं इथे एक अख्खं गणगोत होतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"चांगला ड्रायव्हर कसा ओळखायचा, अप्पा?"

"घाटात प्यासेंजर झोपला पायजे," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

कन्नड मागे पडलं. घाटाच्या तोंडाशी मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे लहानपणापासून ऐकत आले होते, केलं मात्र नव्हतं. भीती वाटली. खूप वाटली. पण इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं, ब्रेक लागायचा तो फक्त वळणाआधी. अप्पांनी शब्द पाळला. त्यांचा उजवा पाय मात्र प्रत्येक वळणावर पायाखालची मॅटिंग दाबत होता.

मागच्या वर्षीची जागा आली. तिथेच खालून एसटी चढत होती. चढणाऱ्याला आधी वाट. मी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि थांबले. बस जवळून घरघरत गेली आणि ड्रायव्हरने हात वर केला. अप्पांचाही हात सवयीने उठला, मग अर्ध्यावरून खाली आला; ड्रायव्हरने हात मला केला होता. मी पुन्हा दुसरा गिअर टाकला आणि गाडी खाली नेली.

चाळीसगावला झणझणीत शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. येताना चढ होता, तो सोपा गेला. दुपारी चारला घरी पोचलो. मी कमालीची खूश होते. तो घाट आता माझाही आहे, असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, एकटी.

आईने पाणी देता देता अप्पांना विचारलं, "पोरीनं कशी चालवली गाडी?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"काय सांगू? मला तर घाटात झोपच लागली."