छावणीचं पाणी

आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी दर उन्हाळ्यात मुलांच्या शिबिराचा खर्च बघायचे. जळण मागा, गूळ मागा, ते टोपी मागं सारून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "बसवू की." बसवायचेही.

दुष्काळाच्या साली पाण्यालाच पैसे उरले नाहीत. तेव्हाही "बसवू की" म्हणाले, आणि सकाळी शिबिराच्या दारात टँकर उभा!

ड्रायव्हरनं मला विचारलं, "गुरुजी, बेंबळीच्या छावणीतली गुरं हिकडं आणलीत म्हणं. कुठं हायती?"

सेक्रेटरींनी दात घासणाऱ्या पोरांकडं हात केला. "ही काय! सोड पाणी."

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, मग तिथली गुरं आज काय पितील?"

त्यांनी टोपी मागं सारली, डोकं खाजवलं.

"बसवू की."