नायजेरियाला जाणारी गाडी

सज्जनहो, माणसाची विटंबना करायला फार साहित्य लागत नाही. एक म्हातारा, चार पाहुणे, तर्रीपोह्यांच्या बशा आणि रोखलेला मोबाइल, एवढ्यावर भागते. समुद्रपुरात मोतीलालजींच्या अंगणात मी ते पाहिले, आणि त्या सकाळचे पोहे अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत.

मोतीलालजी एसटीचे निवृत्त वाहक. वाणी अशी, की डुलक्या घेणारा उतारू नेमका आपल्या गावी जागा व्हावा! घरी बसल्यावर त्यांना नातीच्या नकाशांचे वेड लागले. देश त्यांनी वाहकाच्याच रीतीने पाठ केले. शेजाराला शेजार जोडून, एकेका देशाचा थांबा करून फेऱ्या आखल्या. मोरोक्कोहून सुटलेली गाडी समुद्राच्या कडेकडेने नायजेरियाला जाई. पहाटे तुळशीला पाणी घालताना ते ही फेरी नामस्मरणासारखी म्हणत आणि शेवटी हात जोडत: जिथे माझे पाऊल पडणार नाही, तिथलीही लेकरे सुखी ठेव, देवा.

मागच्या महिन्यात भजनाहून परतताना ते वाट चुकले. परक्या आळीतल्या ओट्यावर बसलेले सापडले. तेव्हापासून मुलगा रोशन याने त्यांचे एकट्याने बाहेर पडणे बंद केले. त्यांना सोबत न्यायला त्याला सवड नव्हती. भजनावाचून म्हातारा सुकू लागला. पत्नी देवकाबाई रोज विनवीत, "जाऊ दे ना रे त्यायले देवळात."

अखेर रोशनने तोडगा काढला, तोही अंगणात पाहुण्यांची बैठक भरलेली असताना. "बाबा, देश बरोबर सांगा, मंग खुशाल जा."

त्याचा मित्र अंकुश चित्रीकरणासाठी मोबाइल रोखून पुढे सरकला. "काकाजी, नायजेरियाच्या अगुदर कोन्ता?"

मोतीलालजी गोंधळले. "मधातूनच गाडी कशी निंगन, बापू? डेपोतून काढा लागते."

"घ्या! काकाजीची गाडी भंगारात गेली!"

अंगण खदखदून हसले. तोंडात पोहे, मिशीला तर्री, आणि नजर म्हाताऱ्याच्या ओठांवर! गिधाडेसुद्धा ढोर मरेपर्यंत थांबतात हो. यांना तेवढाही धीर नव्हता. आणि जन्मदात्याला अस्वलासारखे नाचवणारा पुत्र पाहुण्यांना आग्रहाने आणखी पोहे वाढीत होता. शिसारी आली मला.

मोतीलालजींनी डोळे मिटले आणि गाडी मोरोक्कोहून काढली. मॉरिटानिया, सेनेगल, गिनी-बिसाऊ, गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट, घाना... आणि थांबले. ओठ हलत होते, नाव येत नव्हते. मोबाइल आणखी जवळ आला.

देवकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी स्टीलचा पेला उचलला आणि त्यावर चमचा दोनदा वाजवला. टण् टण्.

वाहकाची दुहेरी घंटा! गाडी हाकण्याची ती आज्ञा. मोतीलालजींचा कणा ताठ झाला. "टोगो. बेनिन. नायजेरिया!"

"गाम्बिया सुटला!" अंकुश मोबाइलवर नकाशा काढून ओरडला.

"लहानसा थांबा हाय. हात दाखवाले कोनी उभं नसन, गेली गाडी पुढं." मोतीलालजींनी डोळे उघडले आणि सगळ्यांवरून संथपणे नजर फिरवली. "चाला, उतरा आता."

कोणी हलेना.

"तुमालेच म्हणून राह्यलो, बापू. शेवटचा थांबा आला. पोहे झाले नं?"

पाहुणे बशा ठेवून चपला शोधू लागले. रोशन पुटपुटला, "पण बाबा, एक देश तं सुटलाच..."

"अन् तुले गाडीची किल्ली सापडली का रे?" देवकाबाई कडाडल्या. "काल संध्याकाळपासून सारं घर उलथून राह्यला. तुले कोंडलं का कोनी?"

रोशन बशा गोळा करू लागला. मोतीलालजींनी खुंटीवरची टोपी घातली, टाळ काखेत घेतले आणि फाटकाशी जाऊन मागे पाहिले.

देवकाबाईंनी पेला पुन्हा दोनदा वाजवला.