सोळा शेरांची बॅटरी

गावच्या सोसायटीत मी मापारी होतो. सावली नावाच्या गावापासून दोन कोसांवरचं आमचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या, आणि मळणी झाली की सगळी पोती माझ्या काट्यावर यायची. भिजवलेलं धान आणणारे मी पाहिले, पोत्याच्या तळाशी मुरूम भरणारे पाहिले. एका सभ्य गृहस्थाच्या पोत्यातून तर जात्याची तळी निघाली, आणि ती पाहून तेच माझ्यावर ओरडले, की आमचं जातं तुझ्याकडे कसं आलं. अशा लोकांत दिवस काढल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा माझा झाला. पंचविशीतच मला घरच्या म्हशीच्या दुधातसुद्धा पाणी दिसायला लागलं होतं. माणूस बोलेल ते खोटं आणि काटा दाखवील ते खरं, एवढंच मी मानत होतो.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि वीज ही चांद्याला गेल्यावर बघायची वस्तू होती. सरकारनं गावाला रेडिओ दिला. कुलूप लागेल अशी खोली फक्त सोसायटीची, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. रेडिओ पोचवायला आलेल्या माणसानं दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक कोरडी, विटांच्या थप्पीएवढी, संपली की फेकायची. दुसरी काळी, जड, तेजाबाची, संपली की पुन्हा भरून आणायची. कोणती ठेवू, असं त्यानं विचारलं तेव्हा सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही हलवून पाहिल्या. कोरडी सगळ्या बाजूंनी बंद होती, आणि बंद वस्तू मी घेत नसे. तेजाबाच्या बॅटरीला वर तीन बुचं होती, म्हणजे निदान उघडता तरी येत होती. ती घेतली. सवयीनं काट्यावर चढवली तर बरोबर सोळा शेर भरली. खोलीच्या दारामागे खडूनं 'सोळा' असं लिहून ठेवलं. ही बुचं पुढे वर्षभरात मी एकदाही उघडली नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो.

वीस-बावीस दिवसांनी रेडिओचा आवाज बसायला लागे आणि बॅटरी भरायला न्यावी लागे. बैलगाडीच्या धक्क्यांनी तेजाब सांडायचं, मोटारवाला तर तेजाब म्हटलं की गाडीत चढूच देत नसे. म्हणून कावडीनं न्यायचं ठरलं. खांद्यावर बांबू आणि त्याच्या दोन टोकांना लटकलेलं ओझं, चालताना पाणी हिंदकळत नाही अशी त्या कावडीची चाल.

कावडवाले दादा उत्तरेला जंगल लागतं तिथल्या गोंडांच्या वस्तीतले. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. त्यांचा खरा धंदा लग्नाचं सामान नेण्याचा. आमच्या आसपासच्या पाच-सात गावांत मुलीची भांडी, लुगडी, दागिन्यांचं गाठोडं, सगळं त्यांच्या कावडीत घालायचं आणि आपण पुढे निघून जायचं, अशी रीत होती. कुणी कुलूप लावत नसे, कुणी मोजत नसे. उन्हाळ्याच्या त्या दोन-अडीच महिन्यांत मिळालेल्या धानावर त्यांचं घर पावसाळा काढायचं. त्या माणसाच्या नावाला बट्टा लागला असता तर त्यांच्याकडे दुसरं विकायला काही नव्हतं.

बॅटरी एकीकडे, मग दुसरीकडे काय? त्यांनी बॅटरी एकदा हातानं उचलून पाहिली, नाल्यात उतरले, चार-पाच धोंडे चाचपले आणि एक काळा धोंडा घेऊन वर आले. कावड उचलली तर अगदी सपाट. "तोलून तरी घ्या," मी हसून म्हणालो. ते म्हणाले, "खांद्याले कळते जी."

पहिले काही महिने बॅटरी सावलीच्या धानगिरणीत जायची. गिरणीचं इंजिन धान असेल तेव्हाच चाले, त्यामुळे भरायला तीन दिवस लागत. तीन दिवस! एवढा वेळ आपली बॅटरी तिथं काय करते, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. एकदा मुद्दाम गेलो. गिरणीवाल्याच्या गादीवर एक विजेचा दिवा मस्त जळत होता, तो पाहून मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात गिरणीवाल्यानं एक मोठी बाटली घेतली आणि आमच्या बॅटरीची बुचं काढून आत पाणी ओतायला लागला.

"हे काय टाकून राह्यले?" मी ओरडलो.

"पानी. साधं नाई, वाफेचं. टाकावं लागते, भाऊ."

मी आयुष्यभर पाणी घालणाऱ्यांनाच पकडत आलो होतो. 'टाकावं लागते' हे दूधवाल्यांकडूनही ऐकलं होतं. गावी येऊन मी जाहीर केलं की गिरणीवाला आपली वीज स्वतः जाळतो आणि वर पाणी घालून वजन भरून देतो. सावलीच्या पुढे मूल गावी एका मोटार दुरुस्तीवाल्यानं नवं यंत्र आणलं होतं, तीन दिवसांचं काम तीन तासांत करणारं. तीन तासांत चोरायला वेळ कुठून मिळणार? बॅटरी मूलला जायला लागली, आणि आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही असा निरोप मी सोबत दिला. गिरणीवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "घाईनं भरली तं बॅटरीचा जीव जाते." गिऱ्हाईक तुटलं म्हणून जळतो आहे, असं मी धरून चाललो.

दादांना आता सहा कोस जायचं आणि सहा कोस यायचं.  मूलच्या दुसऱ्या खेपेनंतर कावड उतरवताना ते म्हणाले, "भाऊ, एक सांगू का जी? बॅटरी येताना हलकी लागून राह्यली. कावड धोंड्याकडं झुकते."

ते गेल्यावर मी बॅटरी काट्यावर ठेवली. सोळा शेराला चार छटाक कमी. माझे कान उभे राहिले. भरायला नेलेली वस्तू रिकामी होऊन येते, याचा अर्थ काय? मी दादांना काही कळू दिलं नाही. अजून दोन खेपा जाऊ दिल्या आणि दोन्ही वेळा त्यांच्या मागे वजन केलं. बॅटरी उतरतच होती, आणि रेडिओही वीस दिवसांच्या जागी आठ दिवसांत मुका व्हायला लागला होता. बॅटरीत चोरण्यासारखं काय, तर तेजाब. तेजाब कुणाला लागतं, तर सोनाराला. सोनार कुठे, तर सावलीत, आणि मूलचा रस्ता सावलीवरूनच जातो. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

पाचव्या खेपेला दादा आले तेव्हा मी सोसायटीच्या ओट्यावर गाव गोळा करून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर बॅटरी पारड्यात घातली आणि वजन मोठ्यानं सांगितलं. साडेपंधरा शेर. मग सोनाराची गोष्ट सांगितली.

दादांना आधी कळेचना की हे आपल्याबद्दल चाललं आहे. कळलं तेव्हा ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "मी तं तुमाले आदीच म्हनलो होतो भाऊ, हलकी येते मनून."

"कमी किती झालं ते चोराइतकं कोणाला ठाऊक असणार?" मी म्हणालो.

ओट्यावर कोणीतरी हसलं. दादांनी कावडीतला धोंडा सोडला आणि माझ्या काट्यापाशी आणून ठेवला. "मंग हाबी तोला."

"धोंड्याचं काय तोलायचं?"

 ते धोंडा तिथंच टाकून, रिकामा बांबू खांद्यावर घेऊन निघून गेले. पुढच्या खेपेपासून दुसरा माणूस ठेवला. लग्नसराई सुरू झाली, पण दादांना कुणी बोलावलं नाही. लोक म्हणत, मापाऱ्यानं तोलून दाखवलं आहे.

बॅटरी तरीही उतरत राहिली. नव्या माणसाच्या हातीही. हे मी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. दोघं एकमेकांना मिळालेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज ते आठवलं की माझीच मला किळस येते.

मग एक दिवस रेडिओ अगदीच बंद पडला आणि चांद्याहून दुरुस्ती करणारा आला. त्यानं पहिल्यांदा बॅटरीची बुचं उघडली आणि आत डोकावून कपाळाला हात लावला.

"याच्यात पानी कोन टाकते?"

"कोणीच नाही," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"मंग मरन नाई तं काय! पाट्या कोरड्या पडल्या. अहो, भरताना पानी उडते. घाईच्या मशिनीवर तं भसाभसा उडते. दर खेपेले वाफेचं पानी टाकावं लागते. आदी कोन भरत होतं, त्यानं टाकलं नाई?"

"टाकलं होतं," मी म्हणालो.

"शहाना मानूस. त्याले काऊन सोडलं?"

 सोळाचे साडेपंधरा कसे झाले ते समजलं, आणि ते कुणी केले तेही समजलं. मूलचं यंत्र मी निवडलं होतं. पाण्याची बाटली मी बंद केली होती. तो माणूस गेल्यावर मी खोलीचं दार आतून लावलं. दादांचा धोंडा ओट्याच्या कोपऱ्यातून आणून ठेवलेला होता, तो पारड्यात चढवला. सोळा शेर. एक छटाक इकडे नाही, तिकडे नाही. नाल्यात उभं राहून, नुसत्या अंदाजानं निवडलेला.

संध्याकाळी रेडिओ ऐकायला जमणारी मंडळी ओट्यावर आली, तेव्हा मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली हेही सांगितलं. निम्म्यांनी मान हलवली. उरलेले म्हणाले, बंद डब्यातलं पाणी कसं उडेल? मापाऱ्याला दया आली असेल. संशय कसा घ्यायचा हे मीच त्यांना शिकवलं होतं, आता माझंच ते ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी धोंडा खांद्यावर घेऊन मी वस्तीत गेलो. अर्ध्या कोसात खांदा सोलून निघाला. दादांच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, ते कडेला बसले होते. मी धोंडा खाली ठेवला आणि पाण्याची सगळी हकीकत सांगितली. "माझं चुकलं, दादा," असं दोनदा म्हणालो.

"बसा, साहेब," ते म्हणाले.

आजवर ते मला भाऊ म्हणत. 

"धोंडा तोलला?"

"तोलला. बरोबर सोळा."

त्यांनी नुसतं "हं" केलं. बॅटरी पुन्हा न्याल का, असं विचारलं तर म्हणाले, नाई. मग मी मनात धरून आलो होतो ते बोललो. पुढच्या पंधरवड्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं, सावलीच्या पुढच्या गावी. सामान तुमच्याच कावडीनं जावं. एकदा माझ्या घरचं सामान गेलं की बाकीचे पुन्हा बोलावतील, हा माझा हिशेब होता. दादांनी मोहफुलांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नेतो." मला वाटलं, सुटलो.

लग्नाच्या सकाळी ते कावड घेऊन आले, पण सामान बांधून झाल्यावर वाटेला न लागता सरळ सोसायटीच्या ओट्याशी जाऊन उभे राहिले. वऱ्हाड सगळं मागोमाग.

"आदी तोला, साहेब."

"दादा, घरचंच आहे."

"तोला."

मी काटा काढला. माझ्या बहिणीची भांडी एकदा, लुगडी आणि दागिन्यांचं गाठोडं एकदा, अख्ख्या गावासमोर तोललं. अकरा शेर आणि अकरा शेर. वजन मी नुसतं पुटपुटलो. ते निघाले.

नवरदेवाच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मांडवात त्यांच्यासाठी जागा केली, पाण्याचा तांब्या पुढे आला. दादा तसेच उभे, कावड खांद्यावर. "काटा आना," ते म्हणाले. नवरदेवाच्या वडिलांना वाटलं आम्ही त्यांचा अपमान करतो आहोत. बहीण बोहल्याऐवजी माझ्याकडे पाहत होती. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "दादा, पाया पडतो, उतरवा."

"मापारी तुमीच ना, साहेब?"

गावातल्या दुकानदाराचा काटा आणेपर्यंत त्यांनी कावड खाली ठेवली नाही. नुसता खांदा बदलत राहिले. काटा आला, मी तोललं.  अकरा. मग दुसरी बाजू, अकरा. मी वजन सांगितलं.

दादांनी मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या आमच्या गावच्या माणसांकडे पाहिलं. "आनखी एकदा सांगा, साहेब," ते म्हणाले. "मागच्यांले ऐकू नाई गेलं."

मी पुन्हा सांगितलं.