उजेड कामावर पाडा

सेवापुस्तकातली नोंद अशी : पद – परिचर, वर्ग चार. कामाचे स्वरूप – रुग्णालयाची शिवणखोली झाडणे, पुसणे, चिंध्या गोळा करणे. शिक्षण – चौथी. उत्तीर्ण की कसे, याबाबत कागद उपलब्ध नाही. उंची – पाच फुटांस किंचित कमी. ओळखीची खूण – उजव्या अंगठ्यावर व्रण. वर्तणूक – समाधानकारक. तांत्रिक ज्ञान – निरंक.

या बाईंनी त्या खोलीतली सातही शिवणयंत्रं एकतीस वर्षं चालती ठेवली.

त्याच खोलीत तीन नंबरच्या यंत्रावर त्यांची भावजय चादरी शिवायची. घरी नणंद-भावजय, कामावर शिवणारी आणि झाडणारी. म्हणजे चोवीस तासांत एकमेकींपासून सुटका म्हणून नाही. सगळी खोली भावजयीला वहिनीच म्हणायची, आणि वहिनी नणंदेला वन्सं.

वन्संचं हे यंत्रांचं वेड जुनं. नवव्या वर्षी त्यांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ खोलून पुन्हा बसवलं. ते वीस मिनिटं पुढे असायचं, ते बरोबर चालू लागलं. पण घरातला जो तो त्या वीस मिनिटांना सरावलेला. वडील आठवडाभर कामावर उशिरा पोहोचले. पोरीला मार बसला, तो घड्याळ बिघडवलं म्हणून नव्हे, नीट केलं म्हणून. पुढे लग्नाची बोलणी करायला एक मंडळी आली, तेव्हा मुलाची स्कूटर दारातच बंद पडली. मुलगी बोलणी अर्धवट टाकून बाहेर गेली आणि हात काळे करून आली. स्कूटर अशी काही पळाली की ती मंडळी पुन्हा त्या दारात दिसली नाही. वन्संना विचारलं तर म्हणायच्या, "गाडी चांगली होती. मुलाचं काही सांगता यायचं नाही, तो उघडून पाहिला नव्हता."

शिवणखोलीत दुरुस्तीचा दिवस शनिवार, जेवणानंतरचा. वन्सं शिवणारीच्या स्टुलावर बसायच्या, अंगठा यंत्राच्या मानेला टेकवायच्या, दुसऱ्या हातानं चाक फिरवायच्या आणि डोळे मिटायच्या. वहिनी टेबलाच्या पलीकडे, यंत्राच्या पाठीशी, हातात बॅटरी घेऊन उभ्या. चोवीस वर्षं त्यांचं काम एवढंच, आणि तेही त्यांना एकदाही धड जमलं नाही, असं वन्संचं म्हणणं.

"अहो वहिनी, उजेड कामावर पाडा. माझ्या कपाळावर काय शिवायचंय?"

"तुमचं कपाळच मध्ये येतं वन्सं, त्याला मी काय करू?"

"डावीकडून. जरा खाली. आता सुईच्या मागे. मागे म्हटलं की पुढे का जाता हो तुम्ही?"

"उद्यापासून खुंटीला टांगून ठेवा बॅटरी. ती उलट बोलणार नाही."

"खुंटीला अक्कल असते वहिनी, ती हलत नाही."

मग हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि वन्सं गेल्या. कार्यालयानं त्यांचं पद रद्द केलं, कारण झाडायला आता यंत्र आलं होतं. तेही महिनाभरात बंद पडलं.

तिसऱ्या महिन्यात तीन नंबर टाके सोडू लागलं. दहा टाके नीट, चार गायब, पुन्हा दहा नीट. चादर दोन्ही हातांनी ओढली की शिवण उसवून हातात. बाहेरचा मिस्त्री आला. त्यानं वरून बॅटरी मारली, तेल सोडलं आणि कागदावर लिहून दिलं : यंत्राचे आयुष्य संपले आहे. भांडारप्रमुखांना तेवढंच हवं होतं. तीन नंबर वहीत निकामी म्हणून चढलं. उरलेली सहाही त्याच वयाची, म्हणजे तीही आज ना उद्या जाणार. तेव्हा शिवण बाहेर द्यावी आणि सातही बायकांना तळघरातल्या धुलाईत हलवावं, असा प्रस्ताव झाला. सोमवारी समिती पाहायला येणार. धुलाईत दिवसभर वाफ. वहिनींना जिने चढताना आधीच दम लागायचा. धुलाई म्हणजे आपली वर्षभरात घरी रवानगी, हे त्यांना न सांगता कळत होतं.

"तुम्हीच बघा ना," काजं-बटणं करणारी शेजारीण म्हणाली. तिला सगळ्या बटणवाली म्हणत.

"मी काय बघू? मी फक्त बॅटरी धरायचे. तीही वाकडी."

तरी शनिवारी जेवणानंतर वहिनी वन्संच्या जागी स्टुलावर बसल्या. पलीकडे बॅटरी घेऊन बटणवाली. वहिनींना यंत्रातलं काही येत नव्हतं, पण बोलणी सगळी क्रमानं पाठ होती. डावीकडून. खाली. सुईच्या मागे. प्रत्येक बोलण्याला त्यांचा हात आपोआप जायचा, आणि गेला तिथे प्रत्येक वेळी बघण्यासारखं काहीच नसायचं. चाक फिरवलं तर सुई मोडली. दुसरी बसवली, तीही मोडली. तिसरी बसवली.

"उजेड कामावर पाड गं बाई!" वहिनी ओरडल्या, आणि आपल्या तोंडून कोण ओरडलं ते ऐकून त्यांनी चाकावरचा हात काढून घेतला.

बटणवालीनं बॅटरी खाली घेतली. "एक सांगू? तुम्ही नेहमी माझ्या जागी असायच्या. मला तर तुमची पाठच तेवढी ठाऊक आहे."

वहिनी उठून पलीकडे गेल्या. यंत्राच्या पाठीशी उभं राहून त्यांनी डावा हात पुढे केला, तो थेट खालच्या दोऱ्याच्या शटलवर पडला. खाली, तर खाली सुईचं टोक. वन्सं डावीकडे म्हणायच्या ते वहिनींच्या डावीकडे. समोर बसून, डोळे मिटून, राग अनावर झालेला असतानाही त्या बाईनं चोवीस वर्षं दिशा सांगताना वहिनींचं डावं-उजवं धरलं होतं.

"काय झालं?" बटणवालीनं विचारलं.

"काही नाही. उजेड डोळ्यात गेला."

सुईच्या मागे पाहिल्यावर सगळं उघडच होतं. कुठल्याशा जाड शिवणीवर आपटून सुईचा दांडा वर सरकला होता. शटलची चोच सुईच्या नेढ्याखालून निघून जायची आणि दोऱ्याचा फास तिला सापडायचा नाही. वहिनींनी स्क्रू सैल केला, दांडा तांदळाच्या दाण्याइतका खाली घेतला, चोच नेढ्याच्या किंचित वर आली तशी स्क्रू आवळला. मग मानेला अंगठा टेकवून चाक फिरवलं. का टेकवायचा ते त्यांना माहीत नव्हतं. टेकवल्यावर कळलं.

सोमवारी समितीसमोर तीन नंबरनं आख्खी चादर एकही टाका न सोडता शिवली. भांडारप्रमुखांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग उलटी करून ओढली. प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. समितीचा शेरा : यंत्र चालू स्थितीत आढळले, कारण अज्ञात.

वहिनी अजूनही शनिवारी यंत्रं दुरुस्त करतात, टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभ्या राहून. बटणवाली स्टुलावर बसून बॅटरी धरते आणि बोलणी खाते.

निकामी यंत्रांच्या वहीतली नोंद खोडता येत नाही, त्यामुळे तीन नंबर तिथे आजही निकामी आहे. परवा त्याच्यावर चाळीस चादरी झाल्या.