थर्मास आणि आंबिलीचा गडवा

त्याच्याकडे थर्मास होता, आणि माझं डोकं तिथेच फिरायचं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघे लांब पल्ल्याचे धावणारे. तो वकिलाचा मुलगा, मी बार्शीटाकळीजवळच्या शेतकऱ्याचा. सकाळच्या फेऱ्या संपल्या की तो थर्मासचं झाकण फिरवायचा आणि लिंबू पिळलेलं ग्लुकोजचं पाणी घोट घोट प्यायचा. मी नळाला तोंड लावायचो. धावण्यात आम्ही उन्नीस-बीस, पण तो पुढे गेला की मला त्याचे पाय दिसायचेच नाहीत, थर्मास दिसायचा. खरं सांगतो, जळायचो मी. एकदा तर दगडावर आपटायला म्हणून तो हातात घेतला होता. आतल्या काचेचा आवाज होईल म्हणून ठेवून दिला, भल्या मनाने नव्हे!

आमच्या आखाड्याचे वस्ताद म्हणायचे, "गुलकोज काय पेतं बे? ते बिमाराले देतात." त्यांचा भरवसा बदामाच्या थंडाईवर. गडवा तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायचा, अर्धा ठेवणाऱ्याला ते हसायचे. जितकं पोटात तितकं अंगात, हा तिथला कायदा.

उन्हाळ्याच्या तोंडावर अकोल्यात पाच मैलांची शर्यत ठरली. आम्हा दोघांत जो पुढे येईल, तोच पुढे नागपूरला धावणार होता. मी आईला निरोप धाडला, बघायला ये म्हणून. तिने मला धावताना कधी पाहिलंच नव्हतं.

आई बैलांच्या दमणीतून आली. मांडीवर गडवा, त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आत आंबील होती, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून पातळ शिजवलेली, मीठ-जिरं घातलेली.

"पे रे, थंडगार हाय," ती म्हणाली.

समोर तो थर्मास घेऊन उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठेव तिकडं," मी खेकसलो. "इथं हे कोनी पेत नाही."

माझा बेत वेगळाच होता. मामा दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याच्याकडून ग्लुकोजचा अख्खा डबा आणला होता. पाण्यात किती घालायचं, कधी प्यायचं, हे विचारायचं कोणाला? त्या थर्मासवाल्याला विचारण्यापेक्षा जीव दिलेला बरा. वस्तादांचा कायदा ठाऊक होताच. मंडपामागे जाऊन लोटाभर पाण्यात अर्धा डबा ओतला आणि एका दमात पिऊन टाकलं. अगदी पाक झाला होता.

पहिले दोन मैल मी पुढे. वाटलं, अस्सं! हेच पितो काय लेकाचा रोज! तिसऱ्या मैलाला पोटात पीळ पडला. चौथ्याला बाभळीखाली बसून सगळं ओकलो. तो जवळ येऊन थबकला. "काय झालं रे?"

"जा नं बे," मी म्हणालो. तो गेला.

मी पोटाला धरून चालत पोचलो. निंबाखाली आई बसली होती आणि तिच्या समोर तो, आमचा गडवा तोंडाला लावून. आई त्याला पदराने वारा घालत होती. त्याचा थर्मास बाजूला बंदच पडला होता.

तो कोण, हे तिला ठाऊकही नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी, उन्हातून आलेल्याच्या हाती आधी काही प्यायला द्यायचं, मग विचारपूस.

"माह्यासाठी?" मी विचारलं.

"तूच तं म्हने, इथं कोनी पेत नाही."

त्याने ओशाळून गडवा खाली ठेवला. थेंब नव्हता आत. "काकू, आमच्याकडे थर्मास मोलकरीण भरते," तो म्हणाला. "आई नाही मला." आईचा हात पुन्हा पदराकडे गेला.

नागपूर गेलं, त्याचं दुःख झालंच. पण तो पदराचा वारा! तो माझा होता.

ग्लुकोजने धावणाऱ्याला फायदा होतो का, असं आता नातू विचारतो. मी काय सांगू? मी ते पोटात टिकू कुठे दिलं?

त्या दिवसानंतर गावाकडून कोणी अमरावतीला निघालं की आई आंबिलीचे दोन गडवे द्यायची, एक माझा, एक त्याचा. त्याचा त्याला पोचवण्याआधी मी दोन्ही हातांत धरून बघायचो, जड कोणता ते.